ठकीचे दोन कार्ब्युरेटर

पुलाच्या चढावर माझ्यापुढे फिक्या निळ्या रंगाची एक जुनी, दोन सीटची गाडी चालली होती आणि ती खोकत होती. भुरभुर पाऊस, मी स्कूटरवर, मागे वाहनांची ही रांग... आणि बरोब्बर चढाच्या मध्यावर तिने मोठ्ठा 'फट्' आवाज केला, काळा धूर थेट माझ्या तोंडावर सोडला आणि बंद पडली.

बाजूने निघून जाता आलं असतं. सगळे जातच होते, वर हॉर्नही वाजवत होते. पण माझा स्वभाव असा की इंजिनाचा आवाज चुकला की मला घास गोड लागत नाही. स्कूटर कडेला लावली आणि काचेवर टकटक केली.

काच अर्ध्यावर येऊन अडकली. आत चष्मा लावलेला एक तरुण. गाडीचं कापडी छत गळत होतं आणि थेंब नेमके त्याच्या चष्म्यावर पडत होते. शेजारच्या सीटवर खोक्यात एक कासव होतं, त्याच्यावर मात्र व्यवस्थित छत्री धरलेली.

"चोक ओढू नका," मी म्हणाले. "आधीच पेट्रोल जास्त झालंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग स्टार्टर मारा."

"मी चोक ओढणार होतो हे तुम्हाला कसं कळलं?"

"हात तिथेच आहे ना तुमचा."

त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसला. असा हसला की मागचे हॉर्न मला क्षणभर ऐकूच आले नाहीत. मग गाडी सुरू झाली – धाड, धाड, थांबून पुन्हा धाड.

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"फक्त कार्ब्युरेटरवाली. बाकीची गाडी दुसऱ्यांनी बघायची."

"अरे वा! यातले कार्ब्युरेटर मी स्वतः बसवलेत. दोन!" तो अभिमानाने म्हणाला.

"हो," मी म्हणाले, "सगळ्या पुलाला ऐकू येतंय."

कासवाने मान आत घेतली. मी त्याला लाकडाच्या वखारीमागचा आमचा पत्ता सांगितला आणि निघाले. घरी जाऊन आरशात पाहिलं तर नाकापासून कपाळापर्यंत काजळी. हे त्याने सांगितलं नव्हतं. नुसता हसत होता, लबाड!

आमचं वर्कशॉप म्हणजे घरापुढची एकच लांब खोली. एका टोकाला लेथ, दुसऱ्या टोकाला खिडकी, मध्ये मामा. मी मामाकडे राहून इंजिनिअरिंग शिकले आणि शिकून झाल्यावर परत जायचं विसरले, ते विसरलेच. मामाच्या हाताखालून शहरातली प्रत्येक जुनी गाडी गेलेली. आता त्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून कानाचं काम माझ्याकडे आणि बोलायचं काम त्याच्याकडे. त्याचा एक नियम आहे. कार्ब्युरेटर मनासारखा लागला की शेवटच्या स्क्रूवर लाल ठिपका द्यायचा. ठिपका दिला म्हणजे काम संपलं. गिऱ्हाईक निश्चिंत, आम्ही निश्चिंत, आणि स्क्रू कोणी हलवला तर रंग फुटतो, लगेच दिसतं. त्या ठिपक्याची गाडी वर्षानुवर्षं परत येत नाही, म्हणूनच मामाचं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी तो आला. मामाने बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि जोरात हसला.

"अति तिथे माती! एवढ्याशा इंजिनाला हे केवढाले घसे?"

"मोठे लावले तर जास्त हवा, जास्त ताकद... असं मला वाटलं," तो म्हणाला.

"तुम्ही करता काय?"

"जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग मला सांगा डॉक्टर," मी मध्येच म्हणाले, "वारा मैदानात जोरात लागतो की बोळात?"

"बोळात."

"तेच. घसा रुंद असला की हवा रमतगमत जाते, पेट्रोल ओढतच नाही. मग पेट्रोल कमी पडतंय म्हणून तुम्ही पेट्रोल सोडणारे मोठे जेट घातलेत. हो की नाही?"

"घातले," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. छान दिसत होते.

"कार्ब्युरेटर चांगलेच आहेत. आपण आत निमुळत्या नळ्या बसवू, घसा बारीक करू, जेट बदलू. मग बघा ही कशी पळते. पण पळवायचीय कशासाठी?"

तेव्हा त्याने सांगितलं. गाडी त्याच्या आत्याची. तिचं नाव ठकी – गाडीचं, आत्याचं नव्हे. आत्या तरुण असताना टेकडीवरच्या चढाईच्या शर्यतीत ठकीला घेऊन उतरली होती. पाण्याच्या टाकीजवळचं शेवटचं वळण फार उभं आहे. तिथे गाडी बंद पडली आणि लोकांच्या देखत दोर बांधून खाली आणावी लागली. त्यानंतर शर्यतच बंद झाली. आता जुन्या गाड्यांच्या क्लबने ती पुन्हा सुरू केली होती.

"आत्याने मला वाढवलंय," तो म्हणाला. "कधी काही मागितलं नाही. परवा जाहिरात वाचून एवढंच म्हणाली, 'एकदा वर जाऊन खाली बघायचं होतं.'"

मामा काही बोलला नाही. मामा बोलला नाही म्हणजे काम घेतलं.

मग ठकी आमच्याकडे राहायला आली आणि डॉक्टर रोज संध्याकाळी तिला 'बघायला' येऊ लागला. मी लेथवर ॲल्युमिनियमच्या नळ्या कातत असे आणि तो स्टुलावर बसून मला दिवसभराचे पेशंट सांगत असे. कुठली गाय लाथ मारून गेली, कुठल्या मांजरीने त्याच्याच खुर्चीत पिल्लं घातली. मला तो 'उस्ताद' म्हणायचा.

"उस्ताद, तुम्हाला जनावरं आवडतात?"

"बोलत नाहीत तोवर."

"मी गप्प बसू?"

"मी तुम्हाला कुठे म्हणाले?"

असं चालायचं. लेथचा आवाज थांबला की आमचंही बोलणं थांबायचं, आणि त्या शांततेत मी उगाचच नळी कापडाने पुसत बसायचे.

नळ्या बसल्या, जेट बदलले, हवेच्या वाटा आतून घासून गुळगुळीत केल्या. राहिलं होतं ते दोन्ही कार्ब्युरेटर एका सुरात आणायचं काम. दोघांना जोडणारी एक दांडी असते आणि तिच्यावर एक छोटा स्क्रू. त्या स्क्रूने दोघांची तोंडं बरोबर एकाच क्षणी, एकसारखी उघडली पाहिजेत. एक जरी आधी उघडलं तरी इंजिन थरथरतं आणि चढावर दम सोडतं. हे आम्ही कानाला रबरी नळी लावून ऐकतो. दोन्हीकडचा 'स्स्स' सारखा आला की झालं.

"नळीपेक्षा हे बरं," म्हणत डॉक्टरने स्टेथोस्कोप काढला.

"गाईंना लावता तो?"

"पुसलाय."

पुढची चकती काढून मी मोकळी नळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरली. "मलाही ऐकायचंय," तो म्हणाला. मग एक टोक माझ्या कानात, एक त्याच्या. स्टेथोस्कोप काही दोन डोक्यांसाठी बनवलेला नसतो. त्याच्या केसांना साबणाचा आणि थोडा गवताचा वास येत होता.

"काय ऐकू येतंय?" मी हळूच विचारलं.

"स्स्स... आणि धडधड."

"इंजिन बंद पडेल इतक्या जवळ येऊ नका," मी म्हणाले. धडधड इंजिनाची नव्हती हे मला चांगलंच ठाऊक होतं.

सूर लागला. दोन्हीकडे अगदी एकसारखा. आता ठिपका द्यायचा. मी लाल नेलपॉलिशची बाटली उघडली – तो रंग तेलाने निघत नाही – आणि ब्रश स्क्रूपाशी नेला. आणि एकदम लक्षात आलं. ठिपका दिला की डॉक्टर उद्यापासून येणार नाही. कशाला येईल? त्या ठिपक्याची गाडी परत येत नाही, हीच तर आमच्या दुकानाची ख्याती.

मी बाटली बंद केली. "थोडी चालवून बघा," मी म्हणाले. "ठिपका नंतर." आणि तो पलीकडे मामाशी बोलत असताना तो स्क्रू उजवीकडे अगदी थोडासा, केसभर फिरवला. चांगली थरथरायला हवी होती गाडी. दोन दिवसांत तक्रार घेऊन येईल, अशी माझी अटकळ होती.

दोन दिवसांनी तो खरंच आला, पण चेहरा पडलेला.

"काय झालं? थरथरते?" मी उत्साहाने विचारलं.

"नाही ना. एकदम झकास चालते."

"झकास?"

"हो... म्हणून शंका आली."

मी कान लावून पाहिलं. दोन्हीकडे एकसारखा सूर! माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी स्वतः बिघडवलेला कार्ब्युरेटर आपोआप सुधारतो म्हणजे काय? मी पुन्हा उजवीकडे थोडासा फिरवला. चार दिवसांनी तो पुन्हा आला. पुन्हा खट्टू, पुन्हा गाडी ठणठणीत. मामा आपल्या खुर्चीतून आमच्या दोघांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे पाहत होता.

"गाडी चांगली चालते म्हणून सुतकी तोंड करणारी माणसं मी प्रथमच बघतोय," तो म्हणाला. "आणि ठिपका का नाही दिलास गं अजून?"

"खात्री होत नाहीये," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. खात्री नव्हती ती फक्त गाडीबद्दल नव्हे, एवढंच.

तेव्हा मला माझंच आश्चर्य वाटत होतं. मी काही लाजाळूचं झाड नाही. गिऱ्हाइकांना तोंडावर खरं सांगते, मामालासुद्धा सोडत नाही. पण 'उद्याही या' हे दोन शब्द म्हणायचे तर जीभ टाळ्याला चिकटत होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं माझं चाललं होतं. चिडून मी या खेपेला स्क्रू चांगला जोरात फिरवला. बघू आता कशी सुधारते!

शर्यतीच्या आदल्या रविवारी सराव होता. आम्ही सगळे टेकडीवर. आत्या आली होती, बारीकशी, पांढऱ्या केसांना रुमाल बांधलेली. ती डॉक्टरच्या शेजारी बसली. मी आणि मामा शेवटच्या वळणावर, पाण्याच्या टाकीखाली उभे होतो. ठकी वर येताना दिसली आणि दिसताक्षणी मला कळलं. ती नुसती थरथरत नव्हती, लंगडत होती. वळणावर तिने दोन आचके दिले आणि बंद पडली. नेमकी तिथेच.

डॉक्टरने हँडब्रेक ओढला, आम्ही धावत जाऊन चाकामागे दगड लावले. कोणाला काही झालं नाही. पण खालून क्लबची दोन माणसं मदतीला आली आणि त्यांच्या हातात दोर होता. आत्याने तो दोर पाहिला. तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मामाने माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या एकटीच वर्कशॉपमध्ये आली. मी स्टूल पुसून दिलं.

"आत्या, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी तो स्क्रू..."

"थांब. आधी माझं ऐक," ती म्हणाली. "तुझ्याकडून गाडी आली की आमचे चिरंजीव बॉनेट उघडतात आणि आत काहीतरी पिळतात. मी गच्चीवरून बघते. मग गाडी सुरू करून ऐकतात, आणि तोंड एवढंसं करून बसतात. मी विचारलं, काय रे बाबा? तर म्हणे, 'आत्या, ही बिघडतच नाही.' डावीकडे पिळून झालं म्हणून गेल्या खेपेला उजवीकडे पिळलं म्हणे."

मी आत्याकडे बघतच राहिले. मी उजवीकडे फिरवत होते, तो डावीकडे. मी बिघडवलेली तो दुरुस्त करत होता, आणि त्याला वाटत होतं तो बिघडवतोय. आणि गेल्या खेपेला दोघांनीही एकाच बाजूला! मला इतका आनंद झाला की हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्या दोराची आठवण होऊन इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"तूही पिळत होतीस, नाही का?" आत्या म्हणाली. "वाटलंच मला. हे बघ पोरी, तुमचं दोघांचं काय असेल ते असो, माझी ना नाही. पण मला वर जायचंय गं. पुढच्या वर्षी माझे गुडघे मला गाडीत बसू देतील की नाही, कोणी सांगावं."

"जाल," मी म्हणाले. "शब्द देते."

"आणि मी तुला सांगितलं हे त्याला सांगू नकोस. थोडं त्यालाही बोलू दे की!"

संध्याकाळी डॉक्टर आला. नेहमीचं 'उस्ताद' नाही, गप्पा नाहीत. दोघंही अपराधी. चोराच्या मनात चांदणं! मी स्टेथोस्कोप मागितला, त्याने दिला. या वेळी मात्र त्याने दुसरं टोक मागितलं नाही. मी एकटीनेच ऐकलं, पहिल्याकडचं, दुसऱ्याकडचं, पुन्हा पहिल्याकडचं. सूर जुळला. मी बाटली उघडली आणि स्क्रूवर टपोरा लाल ठिपका दिला.

तो ठिपक्याकडे बघत राहिला. मामाने नियम पहिल्याच दिवशी त्याला समजावला होता.

"म्हणजे... झालं?"

"झालं."

"आता बिघडणार नाही?"

"कोणी हात लावला नाही तर कधीच नाही."

त्याने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. देवा, किती वाट पाहिली मी त्या एका श्वासात! पण तो म्हणाला, "आत्याला फार बरं वाटेल." आणि बॉनेट हलक्या हाताने लावून गाडी घेऊन गेला. ठकीचा आवाज वखारीच्या कोपऱ्यापर्यंत सुरेल ऐकू आला. मी पाने उचलून धाडकन ट्रेमध्ये टाकले.

"पान्यांचा काय दोष?" मामा म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. निशाण पडायच्या आधी आत्याने डॉक्टरला खांद्याला धरून म्हटलं, "ऊठ. त्या बाजूला बस." आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली! डॉक्टरचा चेहरा बघण्यासारखा होता. मी शेवटच्या वळणावर मुठी आवळून उभी. ठकी आली. अशी आली की मामालासुद्धा ऐकू आली. आत्याने वळण घेतलं, गिअर खाली घेतला आणि इंजिन गाऊ लागलं. एक आचका नाही, एक खोकला नाही. आमच्यासमोरून जाताना आत्याने एक हात सोडून रुमाल हलवला आणि डॉक्टर ओरडला, "हात! हात स्टिअरिंगवर!"

नंबर वगैरे काही आला नाही. पण वरच्या कठड्यापाशी आत्या किती तरी वेळ उभी राहून खाली बघत होती, आणि तिला कोणी हाक मारली नाही. पुढे लोकांनी तिला घेरलं, फोटो काढले. डॉक्टरही त्या गर्दीत होता, त्याला एक क्षण मोकळा मिळाला नाही. मी मामाला घेऊन घरी आले.

त्यानंतरचे दिवस मी जगाशी भांडण्यात घालवले. ठकीत बिघाड नव्हता, मग तो कशाला येणार? मीच तर दिला होता ठिपका. कामाचा अभिमान वाटत होता, आत्यासाठी मनापासून बरं वाटत होतं, आणि तरी संध्याकाळ झाली की माझे कान रस्त्याकडे लागायचे. निळ्या गाडीचा आवाज मी शंभर गाड्यांत ओळखला असता. तो आला नाही.

मी सरळ ठरवलं. शनिवारी काम आटपलं की आपणच जायचं. त्याच्या दवाखान्यात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं... काय म्हणायचं ते रस्त्यात ठरवू. शुक्रवारी मी त्याच विचारात लेथ पुसत होते आणि दारात सावली पडली.

डॉक्टर होता. पायी. बूट चिखलाने भरलेले, शर्ट पावसाने भिजलेला. खाली वाकलेला, धापा टाकत होता.

मी त्याच्यामागे रस्त्यावर पाहिलं. "गाडी कुठे आहे?"

"घरी."

"काय झालं तिला?"

"काहीच नाही. उत्तम आहे. रोज ठिपका बघतो. तीन वेळा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि ठेवून दिला." त्याने चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना म्हणून तसाच हातात धरला. "उस्ताद, मी... मीच बिघडवत होतो ती. मुद्दाम. इथे यायला कारण हवं म्हणून. सरावाच्या दिवशी माझ्यामुळे आत्या..."

"तुझ्यामुळे अर्धंच," मी म्हणाले. "अर्धं माझ्यामुळे. मी उजवीकडे फिरवत होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोक्यात हिशोब चालला होता, तो मला चेहऱ्यावर दिसत होता. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे... आणि मग तो हसायला लागला. तेच पुलावरचं हसू. मीही हसले, इतकी की लेथचा आधार घ्यावा लागला.

"म्हणून बिघडत नव्हती!"

"म्हणून."

हसू ओसरलं. छपरावर पाऊस वाजत होता. तो एक पाऊल पुढे आला.

"आज काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "काही कारण नाही. मला तू आवडतेस. खूप. एवढंच सांगायला आलो. इतक्या लांब चालत आलो की वाटेत तीनदा परत फिरणार होतो..."

"मग फिरला का नाहीस?"

"तू उद्या आली असतीस, असं उगाच वाटलं. आणि तुला एवढं चालायला लावायचं नव्हतं."

मी त्याच्या हातातला चष्मा घेतला, माझ्या ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर लावून दिला. माझी बोटं त्याच्या कानाशी जरा जास्तच रेंगाळली.

"आता नीट दिसतंय?"

"हो," तो म्हणाला. "नाकावर काजळी आहे तुझ्या."

"राहू दे."

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. "कोणाची गाडी आली गं?" मामाने विचारलं.

"गाडी नाही आली, मामा," मी म्हणाले. "हा नुसताच आलाय."

मग मामाचा खडा आवाज आला, "मग आत बोलाव की त्याला! दारात काय भिजत उभा केलायस?"